यादीत ‘बुद्ध’ सापडेना!



गेल्या वर्षावासातली गोष्ट. परळच्या एका विहारात रविवारचे ग्रंथवाचन आटोपले, चहा झाला आणि आम्ही विहाराच्या वाचनालयात डोकावलो. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटे आणि हजारेक पुस्तके. पण त्या पुस्तकांची यादी वस्तीतल्याच एका मुलीने संगणकावर चढवली आहे. मुलगी तेव्हा बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला होती. आजोबा लालबागच्या गिरणीत रिंगखात्यात होते, आई घरी शिवणकाम करते. संगणक शिकलेली घरातली ही पहिलीच.

तेवढ्यात एक निवृत्त काका आले. त्यांनी यादीच्या शोधपेटीत ‘बुद्ध’ असा शब्द लिहायला सांगितला. पडद्यावर मोजून चार-पाच पुस्तके आली. काकांनी कपाटाकडे पाहिले. तिथे नुसत्या एका फळीवर बुद्धांवरची पंधरा-वीस पुस्तके उभी होती. काका म्हणाले, “अगं बाय, कपाटात बुद्ध आहेत आणि तुझ्या यादीत नाहीत, हे कसं काय?”

सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. ती घरी गेली आणि कारण शोधत बसली. आजचा आमचा लेख त्या कारणाविषयी आणि त्यावर तिने केलेल्या उपायाविषयी आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून आमच्या भगिनींनी पान उलटू नये. ज्याला लुगड्याची घडी आणि पंगतीचा क्रम कळतो, त्याला हेही कळेल.

कारण असे निघाले. यादी चार जणांनी चार वेळा टाइप केली होती. काही जुनी पाने पूर्वीच्या छपाईच्या फाँटमधून नव्या युनिकोडमध्ये बदलून घेतली होती. कुणी ‘बुद्ध’ लिहिले होते, कुणी ‘बुध्द’. दोन्ही शब्द पुन्हा एकदा नीट पाहा. पहिल्यात आधी द, मग पाय मोडण्याची खूण, मग ध. दुसऱ्यात आधी ध, मग पायमोड, मग द. बरोबर रूप पहिले. पण आपल्या डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात आणि लग्नपत्रिकांपासून फलकांपर्यंत दुसरे रूप सर्रास दिसते. संगणकाला डोळे नाहीत. त्याच्याकडे दोन्ही शब्दांच्या पाच-पाच खुणा आहेत, पण त्यांचा क्रम वेगळा आहे. म्हणून त्याच्या लेखी हे दोन निराळे शब्द. सिद्धार्थ, बौद्ध, श्रद्धा, शुद्ध या सगळ्या शब्दांची तीच गत. आपल्या समाजाचे अर्धे शब्दभांडार या एका जोडाक्षरावर उभे आहे!

यादीतला प्रत्येक शब्द हाताने सुधारणे हा एक मार्ग होता. पण उद्या नवा माणूस पुन्हा ‘बुध्द’ लिहिणारच. आणि शोधायला येणारा वाचकही तसेच लिहिणार. त्याला शुद्धलेखन शिकवून मग पुस्तक द्यायचे काय? म्हणून तिने ठरवले, चूक माणसाच्या माथी मारायची नाही, शोधपेटीलाच शहाणे करायचे. आणि त्यासाठी तिने एक ‘प्लगिन’ लिहिले.

प्लगिन म्हणजे काय?

घरातल्या बोर्डाचे उदाहरण घ्या. मिक्सर चालवायचा तर आपण भिंत फोडून वायरिंग बदलत नाही. बोर्डात पिन घालतो. वीज आधीपासून आहे, मिक्सर आपण आणतो. प्लगिन तसेच.

इंटरनेटची पाने आपण ज्यात पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्या पानाला हालचाल देणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. पुढे अडचण अशी झाली की निरनिराळे ब्राउझर एकच आज्ञा निरनिराळ्या तऱ्हेने समजू लागले. एकाच कामासाठी दोन-दोन, तीन-तीन वेळा लिहावे लागे. जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात जॉन रेसिग या विशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणाने ‘जेक्वेरी’ नावाचा संच लोकांपुढे ठेवला. तुम्ही एकदाच लिहा, ब्राउझरांची भांडणे आम्ही मिटवू, असा त्याचा कारभार. आणि तो संच सर्वांना फुकट, उघडा.

रेसिग यांनी त्यात आणखी एक शहाणपण केले. त्यांनी संचाला एक दार ठेवले. त्या दाराचे नाव ‘एफएन’. तुम्ही लिहिलेले काम एक नाव देऊन त्या दारातून आत ठेवा, की ते संचाचेच काम असल्यासारखे कुठल्याही पानावर वापरता येते. रेसिग यांची परवानगी लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही, मूळ संचाची एक ओळही बदलावी लागत नाही. या दारातून जगभरच्या हजारो माणसांनी आपापली प्लगिने आणली. कुणी तारीख निवडण्याची, कुणी चित्रे सरकवण्याची, कुणी तक्ते लावण्याची.

दार उघडे असले तरी आत वागण्याच्या काही रीती आहेत. त्या मुलीने आम्हाला चहाच्या टेबलावर त्या समजावून सांगितल्या. आम्ही आमच्या भाषेत मांडतो.

पहिली रीत, नाव एकच घ्यावे आणि ते इतरांच्या नावाशी भिडू नये. एका चाळीत दोन खोल्यांना एकच नंबर असला की पोस्टमनची काय दशा होते ते आपण जाणतो.

दुसरी रीत, आपले सामान आपल्या खोलीत ठेवावे. जेक्वेरीला लाडाने डॉलरच्या चिन्हाने हाक मारतात. पण त्याच चिन्हावर दुसरेही संच हक्क सांगतात. म्हणून सगळे लिखाण एका बंद फंक्शनमध्ये ठेवायचे आणि जेक्वेरीला त्याच्या पूर्ण नावाने आत बोलवायचे. मग आत डॉलर म्हणजे जेक्वेरीच, बाहेर कुणाचेही राज्य असो.

तिसरी रीत, पानावर शोधपेटी एक असो की पाच, प्रत्येकीसाठी वेगवेगळे काम करावे. एकीचा शब्द दुसरीत जाता कामा नये.

चौथी रीत आम्हाला फार आवडली. काम झाले की वस्तू पुढच्याच्या हाती परत द्यावी. स्लॅब टाकताना घमेले हातोहात जाते. एकाने धरून ठेवले की सगळी रांग थांबते. प्लगिननेही आपले काम करून तीच शोधपेटी परत करायची, म्हणजे त्यापुढे दुसरी आज्ञा जोडता येते. ही पेटी निवड, तिला शोधाचे नियम लाव, मग तिची चौकट निळी कर, असे एका ओळीत लिहिता येते.

पाचवी रीत, वापरणाऱ्याला मोकळीक द्यावी. प्लगिनची स्वतःची ठरलेली मांडणी असावी, पण दुसऱ्याला ती बदलायची असेल तर त्याचे म्हणणे वरचढ ठरावे. आणि प्लगिन नको झाले तर आपला पसारा आवरून निघून जाण्याचीही सोय असावी.

‘धम्म’ बिघडला तेव्हा

आता तिच्या प्लगिनच्या पोटात काय आहे? नियमांचा एक तक्ता. ‘ध्द’ दिसला तर ‘द्ध’ समज. दीर्घ वेलांटी-उकार दिसला तर ऱ्हस्व समज, म्हणजे ‘पालि’ आणि ‘पाली’ एकच. अनुस्वार आणि अर्धे अनुनासिक एकच, म्हणजे ‘आंबेडकर’ आणि ‘आम्बेडकर’ दोन्ही सापडतील. काही वेळा अक्षरांच्या मध्ये डोळ्याला न दिसणारी जोडखूण टाइप होते, ती काढून टाक. ‘ऱ’ हे अक्षर कधी अख्खे लिहिलेले असते, कधी ‘र’ला खाली नुक्ता देऊन. ती दोन्ही एकच धर.

पहिल्या खेपेला तिचे चुकलेच. घाईत तिने दोन चुका केल्या. अर्ध्या म चा अनुस्वार कर, असा सरसकट नियम लिहिला आणि तो थेट पडद्यावरच्या यादीवर चालवला. परिणाम असा झाला की ‘धम्म’ या शब्दाचा ‘धंम’ झाला! विहाराच्या यादीत धम्माचे नावच बिघडले. तिची आई शेजारी बसून बटणे लावत होती. ती म्हणाली, “आधी बुद्ध हरवलेस, आता धम्म मोडलास. संघाला तरी हात लावू नकोस.”

त्या रात्री ती दोन गोष्टी शिकली. एक, नियम नेमका हवा. अर्ध्या म नंतर प, फ, ब, भ यांपैकी अक्षर असेल तरच अनुस्वार, म नंतर म असेल तर हात लावायचा नाही. अर्ध्या न चेही तसेच, त्याच्या पुढे त, थ, द, ध पाहिजे. म्हणजे ‘अन्न’ आणि ‘जन्म’ शाबूत राहतात. दुसरी गोष्ट अधिक मोठी. मूळ लिखाणाला कधीही हात लावायचा नाही. शोधण्यापुरती त्याची एक नक्कल काढायची, नियम त्या नकलेवर चालवायचे, वाचकाने लिहिलेल्या शब्दावरही तेच चालवायचे आणि मग दोघांची गाठ घालायची. पडद्यावर मात्र पुस्तकाचे नाव जसे छापले आहे तसेच दाखवायचे.

यात एक किंमत मोजावी लागते. ऱ्हस्व-दीर्घ एक केल्यावर ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच पेटीत येतात. चार पुस्तके जास्तीची दिसतात. तिचा हिशेब साधा होता. जास्तीचे पुस्तक वाचक बाजूला सारू शकतो, न दिसलेले पुस्तक त्याला कधीच मिळत नाही.

कुणी म्हणेल, मराठीसाठी एवढी खटपट कोण करतो? केली आहे. विकिपीडियाच्या मागे असलेल्या विकिमीडिया संस्थेच्या भाषा-कामातून ‘जेक्वेरी डॉट आयएमई’ नावाचे प्लगिन तयार झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण मराठी कळफलक नसलेल्या माणसाने त्यात लिहायचे कसे? हे प्लगिन लिहिण्याच्या पेटीला बसवले की इंग्रजी कळफलकावरचे के दाबले असता ‘क्’ उमटतो, पुढे ए दाबला की त्याचा ‘क’ होतो. सी-डॅकच्या वळणाचा इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. यंत्रणा एक आणि प्रत्येक भाषेच्या नियमांची फाइल निराळी. म्हणजे ज्याला आपली भाषा चांगली येते त्याला सगळी यंत्रणा समजून घेण्याची गरज नाही, आपल्या भाषेचा तक्ता तेवढा बरोबर लिहिला की झाले. त्या मुलीने हीच फाइल उघडून वाचली आणि तिथून तक्ता लिहिण्याची रीत उचलली. तिचे गुरू म्हणजे दुसऱ्याने उघडे ठेवलेले लिखाण.

नावाचा प्रश्न

परीक्षा झाली, मुलीला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. तिथे एका मराठी संकेतस्थळाला हीच अडचण आली. तिने आपले प्लगिन दिले. काम फत्ते झाले. पण गिऱ्हाइकाकडे फाइल गेली तेव्हा वरच्या दोन ओळी गायब होत्या. त्या ओळींत तिचे नाव, वर्ष आणि परवाना होता. तिने विचारले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “नावानं काय होतंय? शंभर ओळींचं तर काम आहे.”

शंभर ओळी म्हणजे थोड्या, हे खरे नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून आपले ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे काम सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. ते होते अवघ्या ११ ओळींचे, शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणारे. त्यावर विसंबून असलेली जगभरची कामे त्या दिवशी अडून बसली. भांडार चालवणाऱ्यांना ते परत आणून ठेवावे लागले. लहान खिळ्याची किंमत तो निघाल्यावर कळते.

आणि नावाने काय होते, हे गिरणगावाला कुणी विचारू नये. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या ओठांचा धोटा दुसऱ्यांना चालत नसे. पगार चांगला होता तो विणकामातच. आपली माणसे राहिली कताईच्या, रिंगच्या खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. तेव्हा ते याच परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. ज्यांनी सूत काढले त्यांना कापड विणू दिले नाही, आणि कापडावर शिक्का उमटला तो मालकाचा.

आज संगणकाच्या धंद्यात जात उरली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण प्लगिनच्या दारापाशी धोटा नाही. तिथे कुणी ओठ पाहत नाही. काम चालते की नाही, एवढेच पाहिले जाते. म्हणून जो शिरला त्याने आपले नाव सोडता कामा नये.

त्या मुलीने भांडण केले नाही. तिने परवान्याचा कागद पुढे ठेवला. जेक्वेरीप्रमाणेच तिनेही आपले प्लगिन एमआयटी परवान्याने दिले होते. हा परवाना म्हणतो, वापरा, बदला, विका, पण हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा. नाव काढले तर वापरण्याचा हक्कच उरत नाही. तिचे काम नोकरीच्या आधीचे, घरी बसून केलेले आणि तारखेसह जाहीर केलेले होते. वरिष्ठांनी वाचले, गप्प बसले. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला फाइल गेली तेव्हा दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या.

आमच्या तरुणांनी यातला कायदा समजून घ्यावा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणकाचे लिखाण हे साहित्यकृतीत मोडते. नोकरीत, नोकरीचे म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण हे मी लिहिले असे सांगण्याचा लेखकाचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये वेगळा दिलेला आहे. तेव्हा नेमणुकीचा कागद सही करण्यापूर्वी वाचा. घरचे काम घरच्या वेळात करा, आणि नोकरीला लागण्याआधीच नाव, वर्ष, परवाना घालून ते जाहीर करून ठेवा.

आता शिकावे का?

एक शंका उरते. जेक्वेरी आता जुनी झाली, नव्या ब्राउझरना तिची बरीच कामे स्वतःच येतात, नवे संच आले आहेत, मग हे कशाला शिकायचे? खरे आहे. नवे मोठे काम उभारताना आज बहुतेक जण दुसरे संच घेतात. पण चालू असलेल्या असंख्य पानांखाली जेक्वेरी अजून आहे आणि ती पाने सांभाळायला माणसे लागतात. शिवाय वर सांगितलेल्या रीती कुठल्याही संचात लागतात. त्या मुलीने एक हुशारी केली आहे. मराठीच्या नियमांचा तक्ता तिने जेक्वेरीपासून वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवला. प्लगिन हे त्यावरचे पातळ वेष्टन. उद्या संच बदलला तर वेष्टन बदलायचे, तक्ता तोच.

सुरुवातीला खर्च जवळजवळ नाही. साधे नोटपॅड, एक ब्राउझर आणि फुकट मिळणारा संच एवढे पुरते. मोबाइलवर हे नीट जमत नाही. म्हणून ज्या विहारात किंवा अभ्यासिकेत संगणक आहे, त्यांनी तो कपड्याने झाकून न ठेवता आठवड्यातून दोन संध्याकाळी मुला-मुलींना मोकळा करावा. पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत. पुस्तक कपाटात असून वाचकाला सापडत नाही, ही स्थिती आपल्याला शोभत नाही.

आणि मातापित्यांना एक विनंती. मुलगी रात्री पडद्यापुढे बसून एका अक्षरासाठी डोके खाजवत असेल तर वेळ फुकट घालवते म्हणून दिवा घालवू नका. या मुलीच्या आईने घालवला नाही. ती बटणे लावत शेजारी बसली.

परवा आम्ही पुन्हा त्या विहारात गेलो. काका शोधपेटीपुढे बसले होते. त्यांनी एका बोटाने, सावकाश, चुकीचाच ‘बुध्द’ लिहिला. यादी खाली खाली सरकत गेली. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “आता बरोबर!”

जय भीम!